सातबाऱ्याच्या पोटात

वज्रेश्वरीच्या देवळाला बावन्न पायऱ्या आहेत. त्यांतल्या एका पायरीवर कोरलेल्या कासवाला हात लावून भाविक वर चढतात, बडोद्याच्या गायकवाडांनी बांधलेल्या नगारखान्यातून आत शिरतात आणि देवीपुढे उभे राहतात. देवळाची कथा भिवंडी तालुक्यात लहान मुलांनाही पाठ असते. वसईचा किल्ला हाती लागत नव्हता, चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला, मे १७३९मध्ये पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि नवस फेडण्यासाठी नवे सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकडून हे देऊळ उभे राहिले.

देऊळ ज्या मुलखात उभे आहे त्या जमिनीचीही एक कथा आहे, आणि ती तलाठ्याच्या दप्तरात सापडते. वज्रेश्वरीचे जुने नाव वडवली. तानसा नदीच्या काठाने अकलोली आणि गणेशपुरीपर्यंत गरम पाण्याची कुंडे, सखल भागात भातखाचरे, उतारावर वरकस. वरकसातला पाला, गवत आणि काटक्या आणून भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, म्हणून ठाण्याच्या महसुली कागदांत भातजमीन आणि वरकस हे शब्द जोडीने येतात. या उतारावरच्या एखाद्या तुकड्याचा मालक कोण, हे आज मोबाइलवर पाहता येते. जिल्हा निवडायचा, तालुका निवडायचा, गाव निवडायचे, मग सर्व्हे नंबर. पडद्यावर सातबारा उमटतो.

त्या पानाकडे मजकूर म्हणून न पाहता मांडणी म्हणून पाहावे. गावाच्या आत सर्व्हे नंबर. सर्व्हे नंबराच्या आत हिस्सा. हिश्शाच्या आत खाती, खात्याच्या आत खातेदारांची नावे, प्रत्येकापुढे क्षेत्र, आकार म्हणजे बसवलेला सारा, पोटखराबा म्हणजे लागवडीबाहेरचा भाग, आणि ज्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, नाव लागले त्याचा क्रमांक. शेजारी इतर हक्कांची यादी. खाली वर्ष, वर्षाच्या आत हंगाम, हंगामाच्या आत पीक. एकात एक, त्यात आणखी एक. संगणकाच्या जगात अशा मांडणीला नेस्टेड जेसन म्हणतात, आणि सपाट तक्त्यांत साठवलेल्या माहितीतून ती कशी विणून काढायची यावर आज जगभरचे प्रोग्रामर डोके खपवत असतात. महाराष्ट्रात हे काम संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. ते बोरूने चालले, टाकाने चालले, बॉलपेनने चालले.

मराठीला या मांडणीसाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही. 'पोट' हा तिचा जणू उपसर्गच आहे. पोटहिस्सा, पोटखराबा, पोटकूळ, पोटभाडेकरू, पोटकलम, पोटनियम, पोटजात. एका गोष्टीच्या आत दुसरी, आणि आतल्या गोष्टीला बाहेरच्या गोष्टीशिवाय अस्तित्व नाही, हा सगळा अर्थ त्या दोन अक्षरांत मावतो. सर्व्हे नंबर ४५ चा दुसरा हिस्सा म्हणजे ४५/२, त्याचा पोटहिस्सा ४५/२/अ. बापाचा नंबर लेकराच्या नंबरात चालत आलेला असतो. हा बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे कॅलिफोर्नियात एका गणितज्ञाने नेमका हाच नियम मांडला.

पण आधी पुण्याला जायला हवे.

वसई प्रांत मराठ्यांकडे आल्यावर त्याचा हिशेब पेशव्यांच्या हुजूर दप्तरात जाऊ लागला. इतिहासकार सुरेंद्रनाथ सेन यांनी या दप्तराची रचना तपशिलाने दिली आहे. त्याचे दोन मुख्य भाग होते: चालते दप्तर आणि एक बेरीज दप्तर. चालत्या दप्तरात फड, बेहेडा, सरंजाम अशी खाती, म्हणजे रोजच्या रोज येणारे कागद. एक बेरीज दप्तरात ते सगळे वर्गीकरण होऊन जमा होत आणि त्यांतून वर्षाचा तर्जुमा निघे: जमा किती, खर्च किती, बाकी किती. त्याच दप्तरात खतावणी होई, म्हणजे खर्चाचे वेगवेगळे बाबवार गोषवारे. 'एक बेरीज' हे नावच कामाचे वर्णन करते. शेकडो सुट्या नोंदी एका मथळ्याखाली गोळा करायच्या आणि त्यांचे एक पान करायचे.

मोडीतल्या त्या हिशेबांचा कणा म्हणजे 'पैकी' हा शब्द. वर एकूण रक्कम, खाली तिची फोड, फोडीतल्या एखाद्या रकमेखाली पुन्हा 'पैकी' आणि पुन्हा फोड. वाचणारा वरून आत उतरत जातो, तपासणारा आतून वर बेरजा मारत येतो. कंस किंवा महिरपी कंस यांची त्या कारकुनांना गरज पडली नाही. ओळ किती आत ढकलली आहे आणि तिच्यावर 'पैकी' आहे का, एवढ्यावर कोणाच्या पोटात काय आहे ते कळे.

१८१८मध्ये हे दप्तर कंपनी सरकारच्या हाती आले. इनाम जमिनींच्या सनदा तपासण्यासाठी १८५२मध्ये इनाम कमिशन नेमले गेले तेव्हा याच कागदांची उलथापालथ झाली. कागद कापडात बांधलेले. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही हाच शब्द चालतो. रुमालांचे गट आहेत: घडणी, पागा, प्रांत अजमास, शाहू दप्तर वगैरे. गो. स. सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले, तेव्हा किती रुमाल सोडावे आणि बांधावे लागले असतील याची कल्पनाच केलेली बरी.

रुमालाची एक अडचण असते. ज्या प्रश्नासाठी तो बांधला, त्याच प्रश्नाचे उत्तर तो चटकन देतो. प्रांतवार बांधला असेल तर वसई प्रांताचा अजमास हाताशी येतो. पण एखाद्या देवस्थानाला सगळ्या मुलखात मिळून कुठे कुठे काय लावून दिले आहे, असे विचारले की प्रत्येक प्रांताचा रुमाल सोडणे आले. माहिती आहे, पण ती दुसऱ्या कशाच्या तरी पोटात बसली आहे.

हीच तक्रार १९६०च्या दशकात संगणकांबद्दल होऊ लागली. आयबीएमने अपोलो चांद्रयान मोहिमेच्या सुट्या भागांच्या याद्या सांभाळण्यासाठी आयएमएस नावाची यंत्रणा उभारली. तिची रचना झाडासारखी होती: यंत्र, त्याचे भाग, भागांचे भाग. यंत्राकडून खिळ्याकडे जाणे सोपे, खिळ्याकडून उलटे यंत्राकडे येणे जिकिरीचे. आयबीएमच्याच सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे गणितज्ञ. जून १९७०मध्ये त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यातून रिलेशनल डेटाबेस ही कल्पना जन्माला आली. निबंधातले एक उदाहरण इथे फार जवळचे वाटते. एक कर्मचारी, त्याच्या पोटात त्याच्या नोकऱ्यांचा इतिहास, प्रत्येक नोकरीच्या पोटात पगाराचा इतिहास, शिवाय त्याच्या मुलांची यादी. कॉड यांनी ही गुंडाळी उलगडली. प्रत्येक यादीचा वेगळा सपाट तक्ता केला आणि बाहेरच्याची ओळख आतल्याच्या प्रत्येक ओळीत उतरवली. पगाराच्या ओळीत कर्मचाऱ्याचा क्रमांक आला, नोकरीची तारीखही आली. ४५/२/अ मध्ये ४५ आणि २ येतात तसेच. त्यांनी या कृतीला नॉर्मलायझेशन म्हटले.

आता पुन्हा भिवंडीकडे. कारण मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याने हीच उलगड कागदावर आधीच केली होती.

सुरुवात मोजणीपासून झाली. इंग्रज अधिकारी प्रिंगल यांची पुणे भागातली पहिली पाहणी फसली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५च्या सुमारास इंदापूरपासून नव्याने काम हाती घेतले आणि १८४७च्या संयुक्त अहवालात पद्धत पक्की झाली. तेहतीस फुटांची साखळी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, गुंठ्याच्या पोटात सोळा आणे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही साखळी ठाणे जिल्ह्यातही फिरली, शेताला नंबर पडला आणि नंबरावर आकार बसला. गावाची अशी सगळी यादी म्हणजे आकारबंद. सर्व्हे नंबर फुटला की पोटहिश्शाची मोजणी, म्हणजे फाळणी होई, आणि आकाराचीही वाटणी होई. तिच्या कागदाला आकारफोड पत्रक म्हणतात. त्याचा नियम साधा पण कडक: हिश्शांच्या क्षेत्राची बेरीज मूळ नंबराइतकीच भरली पाहिजे, आकाराचीही. एका पैशाचा फरक आला तरी कागद परत.

मालकाचे नाव या व्यवस्थेत उशिरा आले. सरकारला सारा कोणाकडून घ्यायचा एवढे पुरे होते. प्रत्यक्षात हक्क कोणाचा, गहाण कोणाकडे, वाटा किती, याची पद्धतशीर नोंद १९०३च्या हक्कनोंदणी कायद्याने सुरू झाली आणि १९१३मध्ये ती जमीन महसूल कायद्यातच सामावली. पुढे एफ. जी. एच. अँडरसन यांनी गावपातळीवरच्या सगळ्या हिशेबांची जी पुस्तिका तयार केली, ती आजही तलाठ्यांच्या तोंडी 'अँडरसन मॅन्युअल' म्हणूनच आहे. गाव नमुना १ ते २१ ही तिची देणगी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची, त्याखालचे हक्कनोंदणीचे नियम १९७१चे. पण नमुन्यांचे क्रमांक तेच राहिले.

या नमुन्यांची विभागणी पाहिली की ती आखणाऱ्याबद्दल आदर वाटतो. नमुना १ मध्ये जमीन आणि आकार. नमुना ३ मध्ये दुमाला, म्हणजे इनाम जमिनी. देवस्थानांच्या जमिनी इथे येतात. नमुना ६ ही फेरफार नोंदवही: खरेदी, वारस, वाटणी, बक्षीस, बोजा, जे काही घडले त्याची एक ओळ, क्रमाने, एकदा पडलेला क्रमांक पुन्हा कोणाला न देता. ६क मध्ये वारस, ६ड मध्ये नवे पोटहिस्से. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, ७अ कुळवहिवाट, ८अ खातेदारवार जमीन, १२ म्हणजे पिकांची नोंदवही, ११ तिचा पीकवार गोषवारा, आणि २१ ही रोजनिशी. प्रत्येक वस्तुस्थितीला एकच घर. घरांना जोडणारे दोरे म्हणजे सर्व्हे नंबर, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक.

आणि या सुट्या घरांतून जे एक पान वाचणाऱ्यासाठी जुळवले गेले, तो सातबारा. नावच सांगते की सात आणि बारा हे दोन नमुने एका पानावर आणले आहेत. सात बदलतो फेरफाराने, बारा बदलतो हंगामाने. दोघांचा ताल वेगळा, जोडणारा दुवा एकच: भूमापन क्रमांक आणि उपविभाग. ८अ हा त्याच माहितीचा दुसऱ्या बाजूने घेतलेला काप. सातबारा विचारतो, या जमिनीत कोण कोण? आठ-अ विचारतो, या माणसाची गावात कुठे कुठे? एका सपाट साठ्यातून दोन उलट-सुलट पोटरचना काढल्या जातात. रुमालाच्या काळात जे जमत नव्हते ते इथे जमले.

मात्र जुळवलेले पान आणि मूळ नोंद यांच्यात अंतर पडू शकते, आणि गावोगावच्या कित्येक भांडणांचे मूळ तिथे आहे. फेरफार नोंदवला, नोटिसा गेल्या, हरकतीची मुदत संपली, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला. पण सातबाऱ्यावर त्याचा 'अंमल' द्यायचा राहून गेला. नोंदवहीत माणूस मालक, उताऱ्यावर मयत बाप मालक. हाताने लिहिलेल्या काळात यावर एक सुंदर सोय होती. फेरफार प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर त्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहायचा. प्रमाणित झाला की शाई, जुन्या नावाला कंस, नव्या नावापुढे फेरफार क्रमांकाला वर्तुळ. तलाठ्याच्या भाषेत 'कंस केला' म्हणजे ते नाव गेले. दर दहा वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन व्हायचे तेव्हा कंसातली नावे गाळून नवे पान सुरू होई, आणि त्या नक्कल करण्यातही कधी एखादे जिवंत नाव गळून जाई. अशा लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी संहितेत १५५ हे कलम आहे. लगेच पुढे १५७वे कलम सांगते की अधिकार अभिलेखातली प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची. दोन्ही कलमे एकत्र वाचली की एका ओळीच्या नक्कलचुकीचे वजन किती होते ते उमगते.

संगणकांच्या जगातही कॉड यांचे तक्ते जिंकले, पण वाचणाऱ्याला पान हवेच होते. २००१च्या सुमारास डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन ही लिखाणपद्धत पुढे आणली. महिरपी कंसात एका वस्तूचे गुण, चौकोनी कंसात यादी, आणि एकात दुसरे कितीही खोल. ब्राउझरला ती सहज समजे, मग मोबाइल अ‍ॅप आले आणि सगळीकडे तीच बोली झाली. साठा तक्त्यांत आणि मागणी गुंडाळीत, अशी ही ओढाताण. सुरुवातीला प्रोग्रामर दोनपैकी एक वाट धरत. एक वाट म्हणजे आधी हिस्से आणायचे आणि मग प्रत्येक हिश्शासाठी खातेदार आणायला पुन्हा डेटाबेसकडे जायचे. गावात तीनशे हिस्से असतील तर तीनशे एक खेपा. दुसरी वाट म्हणजे सगळे तक्ते एकदम जोडून एकच लांबलचक यादी मागवायची. तिच्यात हिश्शाची माहिती प्रत्येक खातेदाराच्या ओळीत पुन्हा पुन्हा येते. जुन्या कारकुनांनी तिथे 'कित्ता', म्हणजे वरीलप्रमाणेच, असे लिहिले असते. प्रोग्राम ओळीमागून ओळ वाचतो, कित्ता कुठे संपला ते हेरतो आणि नवी गुंडाळी सुरू करतो.

हे काम डेटाबेसनेच करावे ही कल्पना आधी एक्सएमएल या जुन्या लिखाणपद्धतीच्या काळात रुजली होती. जेसनसाठी पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसने २०१२मध्ये आवृत्ती ९.२ मध्ये जेसन हा प्रकार आणला. त्यातले 'रो टू जेसन' हे फल (फंक्शन) एका ओळीची एक वस्तू करते. २०१३च्या ९.३ मध्ये 'जेसन अ‍ॅग' आले, म्हणजे अनेक ओळींची एक यादी, आमच्या एक बेरीज दप्तराचेच काम. ९.४ मध्ये 'जेसन बिल्ड ऑब्जेक्ट' आल्यावर हव्या त्या नावांनी हवी तशी वस्तू रचता येऊ लागली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने २०१६मध्ये 'फॉर जेसन' दिले, आणि त्याच वर्षीच्या एसक्यूएल प्रमाणकात जेसनला जागा मिळाली. मायएसक्यूएलमध्ये यादी करणारे फल २०१८मध्ये पोचले.

अवजार हाती आले तरी हात कापण्याची भीती गेली नाही. एक उदाहरण रचून पाहू. समजा, डोंगरउतारावर पन्नास आरचा एक हिस्सा आहे. खातेदार तीन: दोघांकडे वीस-वीस आर, तिसऱ्याकडे दहा. इतर हक्कांत दोन नोंदी, एक सोसायटीचा बोजा आणि एक विहिरीच्या पाण्याचा हक्क. पिकांच्या चार नोंदी. नवशिका माणूस हे तिन्ही तक्ते हिश्शाला एकदम जोडतो. डेटाबेस निमूटपणे तीन गुणिले दोन गुणिले चार, अशा चोवीस ओळी काढतो, कारण कोणता खातेदार कोणत्या पिकाशी बांधलेला आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. प्रत्येक खातेदार आठ वेळा येतो. क्षेत्राची बेरीज मारली तर पन्नास आरचे चारशे आर, अर्ध्या हेक्टरचे चार हेक्टर होतात.

घाबरून तो 'एकसारखे आकडे एकदाच मोज' असे सांगतो. आता उत्तर येते तीस आर. वीस आणि वीस एकसारखे ठरले आणि दोन भावांपैकी एकाची जमीनच नाहीशी झाली. ही चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण तीस हा आकडा शंका यावी इतका विचित्र दिसत नाही.

यावरचा इलाज तलाठ्याला शिकवावा लागत नाही. तो खातेदारांचा रकाना स्वतंत्र भरतो, इतर हक्कांचा स्वतंत्र, बाराची वही स्वतंत्र, आणि मगच तीन भरलेले रकाने एका पानावर शेजारी ठेवतो. डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, म्हणजे क्वेरीतही, तसेच करायचे. प्रत्येक पोटयादी आधी आपल्या हिश्शापुरती गोळा करायची, तिची एकच वस्तू करायची, आणि मग ती एकास एक जोडायची. पोस्टग्रेसमध्ये यासाठी 'लॅटरल' हा शब्द आहे, तोही ९.३ मधलाच: पोटक्वेरीला बाहेरच्या ओळीकडे पाहण्याची मुभा.

दुसरा बारकावा रिकाम्या रकान्याचा. इतर हक्क काहीच नसतील तेव्हा 'लेफ्ट जॉइन' करून यादी केली तर चौकोनी कंसात एक 'नल' येते. म्हणजे यादीत एक नोंद आहे आणि ती नोंद काहीच नाही, असा अर्थहीन निरोप. नुसती पोटक्वेरी केली तर यादीच येत नाही, यादीच्या जागी नल येते. दोन्ही चूक. सरकारी दप्तरात असा रकाना मोकळा सोडत नाहीत, तिथे 'निरंक' लिहितात. निरंक म्हणजे पाहिले, शोधले, आणि काही नाही. मोकळा रकाना म्हणजे पाहिलेच नाही असेही असू शकते. जेसनमध्ये निरंकाला रिकामे चौकोनी कंस आहेत, आणि ते मुद्दाम 'कोअलेस' लिहून मागावे लागतात.

क्रमही मागावा लागतो. तक्त्याला स्वतःचा क्रम नसतो. 'ऑर्डर बाय' यादी करणाऱ्या फलाच्या आतच लिहिले नाही तर आज पहिला असलेला खातेदार उद्या तिसरा दिसेल. क्षेत्रही जपून हाताळायचे. ०.४०.५० म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर; दोन टिंबांच्या त्या आकड्याला संख्या मानले की गडबड. ४५/१ आणि ४५/१० यांना दशांश समजणारा प्रोग्राम दोन वेगळी शेते एक करून टाकेल.

महाराष्ट्रात जमिनीच्या नोंदी संगणकावर नेण्याची सुरुवात वर्धा जिल्ह्यापासून झाली. केंद्राच्या १९८८-८९च्या पथदर्शी योजनेत देशातले आठ जिल्हे निवडले होते, त्यांत वर्धा होता. २००८मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि पुढे ई-फेरफार प्रणाली राज्यभर पसरली. अडीच कोटींच्या घरातले हस्तलिखित सातबारे टंकित करायचे, तेही मुळात जुळवलेल्या पानावरून. इथे एक मूलभूत अवघडपणा होता. पान हे गुंडाळीचे रूप, आणि त्यावरून तक्ते परत भरायचे होते. म्हणजे कॉड यांनी केलेली उलगड गावागावात बसून करायची होती. सामाईक नावे, 'ए.कु.मॅ.' असे संक्षेप, आण्यांत लिहिलेले वाटे, समासात कोंबलेले बोजे, हे सगळे कोणत्या खात्याच्या पोटात घालायचे? हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारे जुळेनात तेव्हा एडिट आणि री-एडिट मॉड्युल आले, चावडी वाचन झाले. गावाला गोळा करून उतारे मोठ्याने वाचायचे आणि चूक दाखवायला सांगायचे. तलाठ्यांनी त्या काळात घेतलेले कष्ट फारसे कोणी लिहून ठेवलेले नाहीत. ते लिहिले जायला हवेत.

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. २०२०मध्ये पानाच्या नमुन्यातच बरेच बदल केले गेले, आणि त्यांतले कितीतरी थेट मांडणीचे आहेत. दोन खातेदारांच्या मध्ये ठिपक्यांची रेघ आली, म्हणजे एक वस्तू कुठे संपते हे डोळ्याला दिसले. खाते क्रमांक खातेदाराच्या नावाशीच आला. जुने फेरफार क्रमांक वेगळ्या रकान्यात गेले. गावाच्या नावापुढे त्याचा संकेतांक छापला जाऊ लागला. वज्रेश्वरीसाठी तर हा शेवटचा बदल मोलाचा वाटावा. तिच्या जुन्या नावाची, वडवलीची, एक जोडीदारीण ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर आहे, दुसरी कल्याणजवळ. नावाने जोडायला जाणारा चुकेल, संकेतांकाने जोडणारा चुकणार नाही. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलवरून पीक नोंदवू लागला, आणि नमुना १२ ची ओळ शेतातूनच जन्मू लागली.

२०२०च्या त्या बदलांत आणखी एक आहे, आणि खरेदीला निघालेल्या माणसाने तो आधी वाचावा. पानावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक असतो, म्हणजे ही गुंडाळी कोणत्या क्षणापर्यंतच्या नोंदींतून विणली ते कळते. त्याच्याबरोबर 'प्रलंबित फेरफार' अशी नोंद असते आणि पुढे 'आहे' किंवा 'नाही'. 'आहे' दिसले की समजायचे, सहाच्या नोंदवहीत एक ओळ पडलेली आहे आणि मंडळ अधिकाऱ्याची सही अजून व्हायची आहे. हाताच्या सातबाऱ्यावर तिथे पेन्सिलीने लिहिलेला आकडा असायचा.